आमच्या डासाचं काम

माझ्या धाकट्या भावाला हॉस्पिटलात सगळे डास म्हणतात. मुलं डासकाका म्हणतात, नर्सबाई नुसतंच डास म्हणतात. मोठे डॉक्टर तोंडावर काही म्हणत नाहीत, पण फोनवर त्यांच्याही तोंडून "जरा डासाला पाठवा" असंच निघतं. हे नाव त्यानं स्वतःच घेतलंय. मुलांच्या हॉस्पिटलात रक्त काढायच्या कामाला लागला त्या पहिल्याच आठवड्यात एका पोरीनं त्याला विचारलं, तू कोण, तर हा म्हणाला, मी डास, फक्त मी आधी सांगून चावतो.

तो स्वतःच्या कामाच्या बढाया मारत नाही. त्या मी मारते. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढते, आणि हनुवटी यंत्रावर टेकवून बसलेल्या गिऱ्हाइकाला उठून जाता येत नाही. त्यामुळे आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना माझ्या भावाची कीर्ती पाठ आहे. आता जे सांगतेय तेही मी पुष्कळांना सांगितलंय, पण तुकड्यातुकड्यानं. एका नंबरात सगळं बसत नाही.

सुरुवात माझ्यापासून करावी लागेल. मी आठ वर्षांची होते तेव्हा मला मधुमेह झाला. म्हाताऱ्या माणसांना होतो तो नाही, लहान मुलांना होतो तो, ज्यात पहिल्या दिवसापासून इन्सुलिन टोचावं लागतं. दोन आठवडे मी घटाघटा पाणी पीत होते, हातपाय काडीसारखे झाले होते, आणि एक दिवस शाळेतून आले ती दारातच खाली बसले. वाचले. पण त्या काळी हा आजार कशानं होतो ते आमच्या रस्त्यावर कुणाला विचारायची गरज पडली नाही, कारण माझ्या आईचं गोळ्या-चॉकलेटचं दुकान होतं.

छोटंसंच दुकान, घराच्या पुढच्या खोलीत. लाकडी फळ्यांवर काचेच्या बरण्या, आणि आई त्यांच्यामागे उंच स्टुलावर बसलेली. तिचं हस्ताक्षर फार सुंदर होतं, प्रत्येक बरणीवर तिनं लिहिलेली चिठ्ठी असायची. मला हॉस्पिटलातून घरी आणलं त्या दिवशी आत्या दाराशी उभी राहून म्हणाली, "साखरेच्या दुकानात पोर वाढवलीत, दुसरं काय होणार?" आई मला घेऊन आत गेली. आठवड्याच्या आत दुकान बंद झालं. बरण्या कुणाला दिल्या ते मला आजही माहीत नाही. पुढं ती एका शाळेच्या कचेरीत कारकून म्हणून लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिली. माझा आजार तिनं कधी कुणाला सांगितला नाही. नातेवाइकांत विषय निघाला की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

पण माझं दुखणं तिनं ज्या हातानं सांभाळलं, तो हात मी विसरणार नाही. काचेची सिरिंज उकळायची, सुई बोथट झाली की दगडावर घासून पुन्हा धार लावायची, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा टोचायचं. भाऊ तेव्हा पाच वर्षांचा होता. उकळत्या डब्याचं झाकण चिमट्यानं उचलायचा मान त्याचा होता. आई टोचायची आणि तो माझ्या दंडावर कापसाचा बोळा धरून मोठ्यांदा आकडे मोजायचा. माझ्या मते त्याची खरी शिकवणी तीच. नंतर त्यानं रीतसर कोर्स केला, सर्टिफिकेट मिळवलं, पण समोरच्याला दुखणार आहे हे माहीत असूनही हात न थरथरता सुई कशी धरायची हे तो आईकडूनच शिकला.

त्याची खोली हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आहे, क्ष-किरणांच्या खोलीला लागून. एक खुर्ची, तिला दोन्ही बाजूंनी रुंद हात, एक खिडकी, नळ्यांचा स्टँड आणि कोमट पाण्याची पिशवी. मुलाचा हात तो आधी त्या पिशवीवर ठेवायला लावतो, म्हणजे शीर वर येते. आणि दुखणार नाही असं तो कधी म्हणत नाही. नवीन नर्स सवयीनं तसं बोलून गेली तर तिला बाजूला घेऊन समजावतो, की एकदा खोटं बोललं की पुढच्या वेळी पोर हात देत नाही. तो मुलाला खरं तेच सांगतो, दुखेल, मी पाच म्हणेपर्यंत दुखेल, मग कमी होईल. आणि पाचच्या आत त्याचं काम झालेलं असतं.

पाच-सहा वर्षांपूर्वी त्या हॉस्पिटलात एक संशोधन सुरू झालं. ज्या डॉक्टरबाईंनी ते आणलं त्यांना सगळे पेशीवाल्या मॅडम म्हणतात, कारण त्यांना दुसरा विषय नाही. उंच, खांद्यावर कायम एक वही असलेली पिशवी, बोलायला फटकळ. लहान मुलांना मधुमेह होतो तेव्हा त्यांच्या रक्तातल्या संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी नेमकं काय करतात, हा त्यांचा अभ्यास. त्यासाठी नुकताच आजार कळलेल्या मुलांचं रक्त दर तीन महिन्यांनी हवं होतं, दोन वर्षं, एकूण नऊ वेळा. तेही ताजं. हिरव्या टोपणाच्या नळ्यांत रक्त घेतलं की ते थंड करायचं नाही, गोठवायचं नाही, तसंच अंगण ओलांडून समोरच्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत पोचवायचं. पेशी मेल्या तर सगळं फुकट.

आजार मुळात असा आहे. आपल्या स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी असतात. आणि रक्तात फिरणाऱ्या पांढऱ्या पेशींतल्या काहींचं कामच शत्रू शोधून मारायचं असतं. सर्दीतापाचे जंतू शिरले की याच पेशी धावून जातात. पण काही मुलांच्या शरीरात त्यांची ओळखण्यात चूक होते. त्या इन्सुलिन बनवणाऱ्या आपल्याच पेशींना शत्रू समजतात आणि एकेक करून मारत सुटतात. बाहेरून पोर खेळतं-बागडतं, आत महिनोन्महिने हे चाललेलं असतं. बहुतेक पेशी गेल्या की मग तहान, मग वजन उतरणं, मग हॉस्पिटल.

हे मला तरुणपणीच एका डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईलाही मी दोन-तीनदा सांगून पाहिलं होतं. ती मान हलवायची, "हो का" म्हणायची आणि भाजी चिरायला घ्यायची. मी तिची समजूत काढतेय, एवढंच तिला त्यातून कळायचं.

संशोधनात आमच्या हॉस्पिटलची एक्केचाळीस मुलं होती. त्यातल्या एकीला माझ्या भावानं मुंगी नाव ठेवलं. सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. पहिल्यांदा खोलीत आली तेव्हा खुर्चीत बसायच्या आधी तिनं विचारलं, "आता माझ्या मागं मुंग्या लागणार का?" शाळेत कुणीतरी तिला सांगितलं होतं, की तुझ्या रक्तात साखर झालीय, रात्री झोपलीस की मुंग्या येतील. भावानं तिला पूर्ण गंभीरपणे उत्तर दिलं. म्हणाला, मी या खोलीत अठरा वर्षं रक्त काढतोय, साखर झालेल्या शेकडो मुलांचं काढलंय, एक मुंगी आलेली नाही, आल्या तर पहिल्यांदा माझ्याकडे येतील. तिनं खाली वाकून खुर्चीचे चारही पाय तपासले आणि मग हात पुढं केला.

मुंगीचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतात. अंगानं धिप्पाड, हाताला कायम ग्रीसचा वास, बोलणं कमी. पहिल्या दोन वेळा ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि पोरीचा हात धरून निघून गेले. तिसऱ्या वेळी एकटेच आले. भावाला म्हणाले, आजपासून आम्ही यात नाही, नाव काढून टाका. भावानं कारण विचारलं. तेव्हा ते म्हणाले, "मला एक सांगा. दर तीन महिन्यांनी तुम्ही माझ्या मुलीच्या अंगातलं दोन मोठे चमचे रक्त काढता. तिला यातून काय मिळणार?"

भावाला उत्तर येत नव्हतं, आणि येत नसताना द्यायची त्याला सवय नाही. तो म्हणाला, विचारून येतो, बसा. अंगण ओलांडून थेट पेशीवाल्या मॅडमच्या दारात. त्या यंत्रापुढं बसल्या होत्या. त्यांनी प्रश्न ऐकला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तिला काही मिळणार नाही. तिच्या पेशींचं जे व्हायचं ते बहुतेक होऊन गेलंय. तिच्यानंतर येणाऱ्या मुलांना मिळालं तर मिळेल, तेही कदाचित. फॉर्मवर हेच लिहिलंय, पण फॉर्म कोण वाचतं? तुम्ही असंच सांगा."

त्यानं असंच सांगितलं, शब्दही बदलला नाही.  लिफ्टवाले म्हणाले की एवढं सरळ त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं, पण तरीही नकोच. घरात आधीच फार झालंय. बायको रोज रडते, पोरगी आईचं तोंड बघून जेवत नाही, त्यात पुन्हा हॉस्पिटलच्या फेऱ्या नकोत.

बायको का रडते, हे माझ्या भावानं विचारलं नाही. त्याऐवजी त्यानं आमच्या आईची गोष्ट सांगितली. दुकानाची, आत्याच्या वाक्याची, चव्वेचाळीस वर्षं स्वयंपाकघरात उठून जाण्याची. ही गोष्ट त्यानं तोवर कुणाला सांगितली नव्हती, मला त्याचं आजही नवल वाटतं. लिफ्टवाले ऐकत होते. शेवटी खालच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या आत्या जे बोलल्या, ते मी बायकोला बोललोय. लाडाच्या नावाखाली तूच तिला गोड चारलंस, असं म्हणालो."

भाऊ सांगतो, की त्या वेळी त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. समोर एवढा मोठा माणूस मान खाली घालून बसला होता. तो फक्त एवढंच म्हणाला, की नाव काढायचंच असेल तर काढू, पण आधी एकदा तिघं मिळून या, मॅडम तुम्हाला काहीतरी दाखवतील. मॅडमना त्यानं अजून विचारलंही नव्हतं. ते त्यानं नंतर केलं.

मॅडमकडे एक फिल्म होती. मृत्यूनंतर कुणीतरी दान केलेल्या स्वादुपिंडातल्या पेशी त्यांनी प्रयोगशाळेत जिवंत ठेवल्या होत्या आणि त्यांच्यात त्या मारेकरी पेशी सोडून सूक्ष्मदर्शकातून चित्रण केलं होतं. खऱ्या वेळात सगळं फार हळू होतं, म्हणून फिल्म वेगानं पळवलेली. हिरवट रंगवलेल्या इन्सुलिनच्या पेशी पुंजक्यानं बसलेल्या, आणि भोवती लहान गोल पेशी फिरताहेत, एकीला चिकटतात, थांबतात, मग दुसरीकडे जातात. त्या ज्या पेशीला चिकटल्या तिचा रंग विझत जातो. आवाज नाही, काही नाही.

मुंगी स्टुलावर गुडघे टेकून बघत होती. तिनं विचारलं, "त्या एकमेकींना ओळखत नाहीत का?"

मॅडम म्हणाल्या, ओळखायला चुकल्या.

"मग त्यांना कुणी सांगत का नाही?"

"तेच तर शोधतेय मी," मॅडम म्हणाल्या. "त्यासाठीच तुझं रक्त लागतं."

मुंगीनं तिथल्या तिथं बाही खांद्यापर्यंत वर केली. रक्त काढायचा तो दिवसही नव्हता.

मग तिच्या आईनं विचारलं की यात गोड खाण्याचा भाग कुठं आला. मॅडमनी सांगितलं, कुठंच नाही. हे सगळं सुरू का होतं ते अजून पूर्ण कळलेलं नाही, काही अंगात उपजत असतं, काही बाहेरून लागतं, पण गोडानं होत नाही आणि लाडानंही होत नाही. बाहेर कॉरिडॉरमध्ये लिफ्टवाल्यांनी बायकोला थांबवलं आणि म्हणाले, मी जे बोललो ते चुकीचं बोललो. भाऊ तिथंच होता. तो नळ्यांवर लेबलं चिकटवत असल्याचं सोंग करत राहिला. नंतर बघितलं तर सहा कोऱ्या नळ्यांवर एकाच मुलाचं लेबल.

त्या संध्याकाळी तो माझ्या दुकानात आला. मी शटर ओढायच्या बेतात होते. म्हणाला, "ताई, आईला घेऊन जाऊ या का?" मला दुसरं काही विचारावं लागलं नाही.

आई तेव्हा एकोणऐंशी वर्षांची. हॉस्पिटल म्हटलं की ती कुणाला काय झालंय असं विचारते, म्हणून तिला सांगितलं की तुझ्या मुलाचं काम बघायला चल. मुलाचं काम बघायचं म्हटल्यावर तिनं कपाटातून चांगली साडी काढली. मॅडमनी मंगळवारची सकाळ दिली होती. आधी आम्ही त्याच्या खोलीत गेलो आणि माझ्या भावानं माझं रक्त काढलं, आईसमोर. एवढ्या वर्षांत त्यानं माझं रक्त कधी काढलं नव्हतं. आई जवळ सरकून त्याच्या हाताकडे बघत होती, डोळ्याची पापणी न लवता, जशी पूर्वी सुईची धार बघायची. झाल्यावर ती म्हणाली, "चांगलं टोचलंस." माझ्या भावाला तोवरच्या अठरा वर्षांत मिळालेलं हे सर्वांत मोठं सर्टिफिकेट, असं तो अजून सांगतो.

मग तिघंही अंगण ओलांडून गेलो. नळी त्यानं आईच्या हातात दिली होती. तिनं ती दोन्ही तळव्यांत धरून नेली. मॅडमच्या माणसांनी त्यातून पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या, त्याला बराच वेळ लागला, तोवर आईनं प्रयोगशाळेतल्या पाचही जणांना तुम्ही जेवलात का असं विचारून घेतलं. मग एक थेंब काचेवर आला. आईचा एक डोळा मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा, दुसऱ्याला नंबर मोठा. मॅडम भिंग फिरवत होत्या, तिला काही दिसेना. मी म्हटलं, सरका, हे माझं काम आहे. आईचे नंबर मला पाठ आहेत. मी एकेक डोळ्याचं भिंग तिच्यापुरतं जुळवून दिलं, आणि ती आणखी खाली वाकली.

मग म्हणाली, "हलताहेत."

"जिवंत आहेत," मॅडम म्हणाल्या.

"ह्याच का त्या?"

"ह्याच जातीच्या. तुमची मुलगी आठ वर्षांची असताना यांच्यातल्या काहींनी चूक केली."

मग मॅडमनी तिला फिल्म दाखवली आणि मुंगीच्या आईला सांगितलं तेच सांगितलं. आई दोनदा बघून म्हणाली, पुन्हा लावा. तिसऱ्यांदा बघून तिनं विचारलं, "म्हणजे या वाईट आहेत?"

"नाहीत. या नसत्या तर आपण साध्या सर्दीनं मेलो असतो. तुमची मुलगी आज इथं उभी आहे ती यांच्यामुळेच."

"म्हणजे कामाच्या आहेत. फक्त एकदा डोकं फिरलं."

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या. मला वाटतं त्या हसू दाबत होत्या.

आई खुर्चीत मागं टेकली. तिनं पदरानं चष्मा पुसला, जो पुसायची काही गरज नव्हती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग मी दुकान उगाच बंद केलं."

 मला वाटलं आता ती रडेल, आणि भावालाही तेच वाटलं असावं, कारण तो तिच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला. पण ती रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. रागासारखं काहीतरी होतं, पण आमच्यावरचा नव्हे. "फार चांगलं दुकान होतं," ती म्हणाली. "लांबून मुलं यायची." आणि मग अर्धा तास तिनं मॅडमना दुकानाबद्दल सांगितलं, कुठल्या बरणीत काय असायचं, कुठलं पोर काय घ्यायचं, मी कुठली गोळी चोरायचे. चव्वेचाळीस वर्षांत त्या दुकानाचा शब्द तिनं काढला नव्हता. मॅडमसारखी घाईची बाई हातातलं काम ठेवून ऐकत बसली, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

संशोधन दोन वर्षं चाललं. लिफ्टवाल्यांनी नाव काढलं नाही. उलट रक्त काढायच्या ज्या मंगळवारी त्यांची पाळी नसायची तेव्हाही ते कधीकधी खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसायचे, आणि कुणी नवीन बाप कपाळाला हात लावून बसलेला दिसला की त्याच्याशी बोलायचे. काय बोलायचे ते भावानं कधी ऐकलं नाही. पण त्यातले बरेच बाप नंतर पोराला घेऊन आत येताना जरा सरळ चालत यायचे, एवढं त्यानं पाहिलं. सोपं मात्र नव्हतं. काही मुलं दर वेळी रडायची. एकानं त्याच्या मनगटाला असा चावा घेतला की वळ आठवडाभर राहिला, आणि हॉस्पिटलभर चर्चा झाली की डासालाच कुणीतरी चावलं. एका मुलीची शीर सापडत नव्हती, तेव्हा त्यानं दोनदा प्रयत्न करून स्वतःच थांबायचं ठरवलं आणि मॅडमना जाऊन सांगितलं, आज नाही. मॅडम चिडल्या, कारण त्या दिवसाची नोंद गेली. पण ती मुलगी पुढच्या खेपेला आली. दोनच मुलं मधे सुटली, तीही आईबापांची बदली झाली म्हणून.

सगळं संपल्यावर मॅडमनी कुटुंबांना हॉस्पिटलच्या सभागृहात बोलावलं. मी आणि आई तिसऱ्या रांगेत. मुलं खुर्च्यांवर कमी आणि खुर्च्यांखाली जास्त होती. मॅडमनी सोप्या शब्दांत सांगितलं की काय दिसलं. सगळ्या मुलांत मारेकरी पेशी सारख्या वागत नाहीत. काहींच्या अंगात त्या काही काळानं थकतात, त्यांचा जोर कमी होतो. आणि ज्यांच्या अंगात त्या थकतात, त्या मुलांचं स्वतःचं थोडंसं इन्सुलिन जास्त दिवस टिकतं. हे इतर ठिकाणीही दिसलंय, पण इतक्या लहान मुलांत, इतक्या नियमित नोंदींतून बघायला मिळणं सोपं नसतं. आता प्रश्न हा, की त्यांना मुद्दाम थकवता येईल का, आजार व्हायच्या आधीच. म्हणजे ज्या मुलांच्या अंगात हे नुकतंच सुरू झालंय, त्यांची कितीतरी वर्षं वाचतील.

मुंगीनं हात वर करून विचारलं, "माझ्या थकल्यात का?"

मॅडम म्हणाल्या, एकेकट्याचं सांगायचं नाही असा नियम आहे.

"थकल्याच असतील," मुंगी म्हणाली. "मी नऊ वेळा आले."

सभागृह हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मान डोलावली, मोठ्या माणसाशी बोलताना डोलावतात तशी. मग म्हणाल्या की या कामात इतरही काही हॉस्पिटलं होती, तिथं एकतृतीयांश मुलं अर्ध्यात सोडून गेली, त्यात मुलांची चूक नाही. इथं एक्केचाळीसातली एकोणचाळीस शेवटपर्यंत आली. "यंत्रं त्यांच्याकडेही आमच्यासारखीच आहेत," त्या म्हणाल्या. "पण त्यांच्याकडे डास नाही."

माझा भाऊ मागं उभा होता, खिडकीचा न लागणारा कडी-कोयंडा ओढत, जणू त्या सभेत त्याचं तेवढंच काम होतं. मुलं उठून त्याच्याकडे धावली. मुंगीनं त्याचा एक हात धरला, ज्या पोरानं त्याला चावा घेतला होता त्यानं दुसरा, आणि त्याला ओढत पुढं आणलं. लिफ्टवाले उभे राहून टाळ्या वाजवत होते, त्यांचे पंजे एवढे मोठे की बाकी कुणाच्या ऐकूच येत नव्हत्या. मॅडमनी त्याला दोन शब्द बोला म्हटलं. तो म्हणाला, "सगळ्यांनी हात दिलात, आभार." आणि लगेच मागं जायला निघाला. घरी मी त्याला म्हटलं, अरे एवढंच? तर म्हणतो, आणखी काय बोलायचं, खरं तेवढंच होतं.

आई टाळ्या वाजवत नव्हती. ती नुसती ताठ बसून त्याच्याकडे बघत होती, गळ्यातला चष्मा हातात घट्ट धरून.

भावाला मुलांनी सोडलं नाही, म्हणून आम्ही दोघीच बसनं परत निघालो. दुपारची वेळ, बस निम्मी रिकामी. आईच्या शेजारी एक तिशीची बाई बसली होती, मांडीवर झोपलेलं बाळ. आईनं बाळाचं वय विचारलं, मग त्या बाईनं आईला विचारलं, तुम्हाला किती मुलं. मी पुढच्या सीटवर होते, खिडकीतून बाहेर बघत होते.

"दोन," आई म्हणाली. "ही पुढं बसलीय ती थोरली. चष्म्याच्या दुकानात असते, तिच्याइतके बिनचूक नंबर कुणी काढत नाही. हिला आठव्या वर्षी मधुमेह झाला. आणि धाकटा मुलगा त्याच आजारावर काम करतो, हॉस्पिटलात. मोठमोठे डॉक्टर त्याच्यावाचून अडतात."

मी मागं वळले नाही. अनोळखी माणसापुढं माझ्या आजाराचा उच्चार मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते, आणि वळले असते तर कदाचित ती थांबली असती. त्या बाईनं घाबरून बाळाला जवळ ओढलं आणि विचारलं, की इतक्या लहान वयात, तो कशामुळे झाला.

"सांगते," आई म्हणाली आणि नीट सरसावून बसली. समोरच्या दांडीवर बोट टेकवून तिनं सुरुवात केली, इथं इन्सुलिनच्या पेशी, आणि या बाजूनं त्या दुसऱ्या येतात, फार कामाच्या असतात त्या, त्यांना नावं ठेवायची नाहीत. तिचा आवाज चढत गेला तसे पलीकडच्या सीटवरचे दोघं कान देऊन ऐकू लागले. मधे आमचा थांबा आला. कंडक्टरनं दोनदा नाव पुकारलं. मी काही बोलले नाही, बस पुढं निघाली, आणि आई त्या मारेकरी पेशी थकतात त्या भागापर्यंत येऊन पोचली.